कपड्यांचा मालक जागा होतो
(‘हिटमॅन २’च्या जुन्या आवृत्तीचे पुनर्वाचन)

‘हिटमॅन २’ या नावाचे दोन व्हिडिओ गेम आहेत. पहिला ऑक्टोबर २००२ मधला, ‘सायलेंट असॅसिन’ हे उपनाव लावलेला. दुसरा नोव्हेंबर २०१८ मधला, उपनाव नसलेला. दोन्ही कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या संस्थेने घडवले. दोन्हींचा नायक एकच आहे: टक्कल केलेला, मानेवर बारकोड गोंदलेला भाडोत्री मारेकरी, ज्याला नावाऐवजी ४७ हा आकडा आहे. आणि दोन्हींत भारत आहे. पहिल्यात पंजाब, दुसऱ्यात मुंबई.

आज ‘हिटमॅन २’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुसरा येतो. पहिल्याचे दुर्दैव असे की तो दोन्ही बाजूंनी झाकला गेला. मालिकेचा आरंभ म्हणून २००० सालच्या ‘कोडनेम ४७’चा मान राहिला. शिखर म्हणून २००६ सालच्या ‘ब्लड मनी’चे नाव घेतले जाते. मधला ‘सायलेंट असॅसिन’ आपल्या काळात भरपूर खपला, पण नंतरच्या चर्चेत ‘पुढच्या चांगल्या गेमची पूर्वतयारी’ एवढीच त्याची ओळख उरली. पुढे सोळा वर्षांनी त्याचे नावही धाकट्या भावाने घेतले.

प्रस्तुत लेखात या जुन्या आवृत्तीकडे पुन्हा पाहायचे आहे, ते स्मरणरंजनासाठी नव्हे. वेषांतर म्हणजे काय, दुसऱ्याचे कपडे घातल्यावर आपण कोण होतो, आणि ज्याचे कपडे घेतले त्याचे काय होते, या प्रश्नांना जुन्या गेमने दिलेले उत्तर नव्यापेक्षा अधिक अडचणीचे आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याच वेळी, याच जुन्या गेमने भारताचे जे चित्र काढले ते आक्षेपार्ह होते. या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच त्याचे वाचन करावे लागते.

१. चोरपावलांची परंपरा

ज्यांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख. बहुतेक मारधाडीच्या गेममध्ये खेळाडूची शक्ती त्याच्या शस्त्रात असते. चोरपावलांच्या गेममध्ये ती न दिसण्यात असते. पहारेकरी कुठे पाहतो, कधी वळतो, आवाज किती दूर जातो, याचा अंदाज घेत पुढे सरकायचे. लढाई झाली म्हणजे आपले कुठेतरी चुकले.

या प्रकाराची वंशावळ १९८१ सालच्या ‘कॅसल वोल्फेन्स्टाइन’पर्यंत नेता येते. नाझींच्या किल्ल्यातून निसटणारा कैदी त्यात सैनिकाचा गणवेश चढवून पहाऱ्यासमोरून जाऊ शकत असे. म्हणजे वेषांतर हे या प्रकारात पहिल्यापासून आहे. पुढे १९८७ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीचा ‘मेटल गिअर’ आला. १९९८ हे या प्रकाराचे भरभराटीचे वर्ष. ‘थीफ’, ‘तेन्चू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’ हे तिन्ही त्या एका वर्षातले. ‘थीफ’ने अंधार आणि आवाज यांचे शास्त्र रचले. ‘हिटमॅन’ने दोन वर्षांनी वेगळी वाट धरली. इथे नायक अंधारात लपत नाही. तो भरदिवसा, सगळ्यांच्या समोर, दुसऱ्या कोणाच्या तरी कपड्यांत चालतो.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सुरतेची खबर आणणारा बहिर्जी नाईक परंपरेच्या स्मृतीत बहुरूपी म्हणूनच उभा आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा मराठी घराघरांत वाचल्या गेल्या. त्यांतले झुंजार आणि काळापहाड वेषांतरात पटाईत. त्या कथांनाही आपल्या समीक्षेने फार काळ दारात उभे केले नाही. व्हिडिओ गेमचे आज तेच चालले आहे. लाखो मराठी मुलांनी सायबर कॅफेत आणि घरच्या संगणकावर आपल्या वाढत्या वयाचे तास ज्या कृतींत घालवले, त्यांचा नुसता ‘नाद’ म्हणून उल्लेख करणे पुरेसे नाही.

२. २००२ चा नियम: अंगावरच्या कपड्यांचा भार

‘सायलेंट असॅसिन’ची कथा सिसिलीतल्या एका चर्चमध्ये सुरू होते. ४७ने मारेकऱ्याचा धंदा सोडला आहे. तो फादर व्हिटोरिओ यांच्याकडे माळीकाम करतो आणि पापांची कबुली देऊन मोकळे होऊ पाहतो. फादरना पळवून नेले जाते. त्यांचा शोध घेण्यासाठी तो आपल्या जुन्या संस्थेची मदत मागतो आणि मोबदल्यात पुन्हा कामे स्वीकारतो. सिसिली, सेंट पीटर्सबर्ग, जपान, मलेशिया, अफगाणिस्तानातला नुरिस्तान, भारत आणि शेवटी पुन्हा सिसिली असा प्रवास होतो. फादर सापडतात, पण शांत जीवन सापडत नाही. तो आपल्या धंद्याकडे परततो.

कथा साधी आहे. खरे लक्ष द्यायचे ते नियमांकडे, कारण गेमचा आशय कथेपेक्षा नियमांत अधिक असतो. कादंबरीत लेखक जे सांगतो ते वाचक मानतो. गेममध्ये खेळाडू जे वारंवार करतो ते त्याच्या हातात मुरते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी असते. तिला संशयाची पट्टी म्हणू. तुम्ही पहारेकऱ्याचा गणवेश घालून वाड्यात शिरलात तरी ही पट्टी स्वस्थ बसत नाही. धावलात, ती चढते. दुसऱ्या पहारेकऱ्याच्या फार जवळून गेलात, चढते. त्या गणवेशाच्या माणसाने जिथे जायचे नाही तिथे गेलात, किंवा त्याच्या हाती शोभणार नाही असे शस्त्र धरलेत, तरी चढते. पहिल्याच मोहिमेत सिसिलीतल्या एका गुन्हेगार सरदाराच्या बंगल्यात शिरायचे असते. पोस्टमनच्या वेषात जाता येते, किराणा पोचवणाऱ्या पोऱ्याच्या वेषातही जाता येते. पण पोऱ्या स्वयंपाकघरापर्यंतच जाऊ शकतो. वरच्या मजल्यावर पोऱ्याचे काय काम?

म्हणजे या गेममध्ये कपडे हे अदृश्य करणारी जादू नाहीत. प्रत्येक वेषाबरोबर एक चाल येते, एक हद्द येते, मान किती वर ठेवायची याचा हिशेब येतो. ज्याला नोकराचे कपडे मिळाले त्याला नोकरासारखेच संथ, खाली पाहून, कामापुरते चालावे लागते. सुटाबुटातला मारेकरी ज्या क्षणी पोऱ्या होतो त्या क्षणी तो पोऱ्याच्या वाट्याची पाळतही अंगावर घेतो.

मी माहुलला राहतो. १९५०च्या दशकात इथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले आणि कोळीवाड्याच्या शेजारी भिंती, तारा आणि गेट उभे राहिले. गेट काय असते ते इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पास, हेल्मेट, जॅकेट. गेटवरचा वॉचमन पास पाहतो, चेहरा क्वचित पाहतो. पण आत गेल्यावर मुकादम पाहतो, शेजारी काम करणारा पाहतो, आणि नवीन माणूस चार पावलांतच ओळखू येतो. तो हेल्मेटचा पट्टा कसा लावतो, कुठे थांबतो, कुणाला वाट देतो यावरून. बाहेरच्याला गणवेश दिसतो, आतल्याला माणूस दिसतो. २००२ चा गेम नेमका हाच फरक नियमात बसवतो: लांबून पाहणाऱ्याला कपडे पुरतात, जवळ आलेल्याला पुरत नाहीत.

या पट्टीवर त्या काळी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. कधी कधी पट्टी विनाकारण उसळते. शांतपणे चालणाऱ्या खेळाडूवर पहारेकरी अचानक गोळ्या झाडतो. जपानमधल्या डोंगराळ मोहिमांत तर लांबवरचे पहारेकरी संशय घेतात आणि खेळाडूला मैलभर अंतर चालतच कापावे लागते. पुष्कळांनी गेम तिथेच सोडला. या बाबतीत रचना कच्ची होती हे मान्य केलेच पाहिजे. पण कच्चेपणा बाजूला काढल्यावर जो विचार उरतो तो पुढच्या आवृत्त्यांनी सुधारला नाही, तो सोडून दिला. विचाराची अंमलबजावणी फसणे आणि विचार फसणे यांत फरक आहे.

३. बेशुद्ध माणूस आणि शुद्धीवर आलेला माणूस

या गेमचा सर्वांत महत्त्वाचा नियम त्याच्या परीक्षणांत सहसा एका ओळीत उरकला जातो. कपडे मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, माणसाला ठार मारणे. दोन, गुंगीचे औषध लावून बेशुद्ध करणे. दुसरा मार्ग सभ्य आहे, आणि मोहिमेच्या शेवटी मिळणारा ‘सायलेंट असॅसिन’ हा सर्वोच्च किताब हवा असेल तर निरपराध माणसे मारून चालत नाही.

पण बेशुद्ध केलेला माणूस काही वेळाने जागा होतो. औषध जितका जास्त वेळ लावाल तितकी त्याची गुंगी लांबते, पण ती संपतेच. तुम्ही त्याच्या कपड्यांत वरच्या मजल्यावर असता आणि खाली कुठल्या तरी कोपऱ्यात तो अंतर्वस्त्रांवर उठून बसतो. तो उठला की बिंग फुटते.

यामुळे खेळाडूच्या मनात एक घड्याळ सुरू होते. ज्याचे कपडे आपण घातले आहेत तो माणूस गेममधून नाहीसा झालेला नाही. त्याला आपली नोकरी आहे, जागा आहे, आणि तो ती परत मागायला येणार आहे. आणि इथेच गेम खेळाडूला मोहात पाडतो: मारून टाकले असते तर ही कटकट राहिली नसती. दया दाखवणे महाग आहे आणि खून स्वस्त आहे, हे गणित गेम लपवत नाही. त्यात भर म्हणजे, साध्या पातळीवर एका मोहिमेत सात वेळा खेळ जतन करता येतो, सर्वांत अवघड पातळीवर एकदाही नाही. म्हणजे दयेची किंमत पुन्हा पुन्हा मागे जाऊन टाळताही येत नाही.

२०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये, म्हणजे २०१६ ते २०२१ या तीन गेमच्या मालिकेत, बेशुद्ध माणूस आपणहून कधीच उठत नाही. दुसऱ्या कोणाला तो सापडला आणि त्याने उठवले तरच तो उठतो. नाहीतर पेटीत कोंबलेला आचारी खेळ संपेपर्यंत पेटीतच असतो. खेळणाऱ्याच्या सोयीसाठी हा बदल समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे दया आणि खून यांतला फरक केवळ गुणपत्रिकेपुरता उरला. दोन्हींनंतर तो माणूस सारखाच निरुपद्रवी होतो.

आपल्या स्मृतीतली वेषांतराची सर्वांत मोठी कथा आग्र्याची आहे. १६६६ साली महाराज तिथून निसटले. ते पेटाऱ्यांतून गेल्याचे सांगितले जाते. पण मराठी सांगणारा पेटाऱ्यांवर कथा संपवत नाही. त्यांच्या जागी पलंगावर पांघरूण घेऊन पडून राहिलेल्या हिरोजी फर्जंदाचे नाव तो आवर्जून घेतो. एकाला दिसेनासे व्हायचे असेल तर दुसऱ्या कोणाला तरी त्याच्या जागी उरावे लागते, आणि जो उरतो त्याचा धोका निसटणाऱ्यापेक्षा कमी नसतो, ही जाण त्या कथेत आहे. हिरोजी स्वेच्छेने उरला. गेममधल्या किराणावाल्या पोऱ्याला कोणी विचारले नव्हते. तरीही २००२ च्या गेमला एवढे कळले होते की तिथे कोणीतरी उरलेला आहे. ही जाण नंतर हरवली.

४. २०१८ ची मुंबई

आता धाकट्या भावाकडे. त्याच्या सहा मोठ्या ठिकाणांपैकी एक मुंबई आहे, आणि कारागिरीच्या दृष्टीने ते विलक्षण ठिकाण आहे. चाळी, गल्ल्या, धोबीकाम, रेल्वेचे यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर, समुद्र. तीन जणांना मारायचे असते: चित्रपटांच्या दुनियेत वावरणारा दावूद रंगन, रेल्वे यार्डात आपले राज्य थाटलेली वान्या शाह, आणि ‘मेलस्ट्रॉम’ या टोपणनावाने वावरणारा वझीर काळे, ज्याचा चेहरा कोणाला ठाऊक नाही. टोळीप्रमुखाला आडनाव मराठी, संवाद इंग्रजीत. खेळाडू न्हावी होऊ शकतो, शिंपी होऊ शकतो, चित्रकार होऊ शकतो, धोबीकामाच्या जागी कामगार होऊ शकतो.

चित्रणात काळजी घेतलेली दिसते. गरिबी आहे, पण केवळ दयनीयता नाही. विनोद आहे, धंदे आहेत, रंग आहेत. २००२ च्या पंजाबशी तुलना केली तर हे चित्र कितीतरी जास्त सजग आहे.

पण नियम पाहा. या मालिकेत वेष घातल्यावर बहुसंख्य लोक तुमच्याकडे पाहातच नाहीत. केवळ काही ठरावीक माणसे तुम्हाला ओळखू शकतात आणि त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. ठिपकेवाल्याला टाळले की काम झाले. कुणी संशय घ्यावा हे आता त्या माणसाच्या नजरेवर, अंतरावर, तुमच्या चालीवर अवलंबून नाही. त्याच्या डोक्यावरच्या खुणेवर आहे. कपडे आता खरोखरच जादू झाले आहेत.

दुसरा नियम अधिक बोलका आहे. २०१८ च्या गेमने लपण्याच्या दोन नव्या सोयी आणल्या: उंच झाडोऱ्यात लपणे आणि माणसांच्या गर्दीत मिसळणे. दोन्हींचे काम एकच. झुडपात शिरलात की शोधणाऱ्यांना दिसत नाही; घोळक्यात शिरलात की तेच. कोलंबियातल्या मोहिमेत जे काम रानातली पाने करतात ते मुंबईत मुंबईकर करतात. गर्दीतला एकही माणूस वळून विचारत नाही की, “काय हो, कुठले तुम्ही?”

ज्याने मुंबईची लोकल एकदा तरी पकडली आहे त्याला हे विचित्र वाटेल. मुंबईची गर्दी आंधळी नसते. नेहमीच्या डब्यात नवा माणूस दारात उभा राहिला की पाच जण त्याला न्याहाळतात. चाळीच्या गॅलरीत अनोळखी पाऊल पडले की तीन दारांतून “कोण पाहिजे?” असा प्रश्न येतो. दाटीवाटीच्या वस्तीत लपणे अवघड असते, सोपे नव्हे. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो म्हणूनच ती वस्ती चालते. गर्दीला पार्श्वभूमी समजणे ही वरून, लांबून पाहणाऱ्याची नजर आहे.

आणि ही नजर केवळ गेमपुरती नाही म्हणून तिच्याबद्दल लिहिणे भाग आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत आणून ठेवले गेले. कारखान्यांच्या शेजारच्या हवेत राहणे आरोग्याला घातक आहे हे सांगत ती माणसे वर्षानुवर्षे रस्त्यावर बसली, न्यायालयात गेली. या परिसराच्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच गंभीर इशारा दिला होता. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की लोकांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही. त्या सगळ्या लढ्याचा गाभा एवढाच होता की आम्हाला आकडा समजू नका, आमच्याकडे एकेकाकडे पाहा. गेमच्या खेळाडूला गर्दीत नाहीसे होण्यात मजा आहे. ज्यांना कायमच गर्दी म्हणून मोजले गेले त्यांची सगळी धडपड दिसण्यासाठी असते.

२००२ च्या गेममध्ये असे दाट घोळके नाहीत. त्या काळच्या यंत्रांना ते पेलवलेही नसते. पण त्यामुळे नकाशावर दिसणारा प्रत्येक माणूस हा एकेक माणूस आहे: कुठून तरी येणारा, कुठे तरी जाणारा, आणि तुमच्याकडे पाहू शकणारा. तंत्राच्या मर्यादेतून आलेला हा गुण आहे, हे खरे. कलेच्या इतिहासात असे पुष्कळ गुण मर्यादेतूनच आले आहेत.

५. पंजाब, आणि पाठभेदाचा प्रश्न

आता जुन्या गेमच्या दोषाकडे वळू. भारतातल्या मोहिमांत ४७ एका पंथाच्या मागावर असतो. दिवाना जी नावाचा पंथप्रमुख, त्याचे पगडीधारी शस्त्रधारी अनुयायी, एक इस्पितळ, अरुंद रस्ते आणि पवित्र वास्तू. या वास्तूचे सुवर्ण मंदिराशी, म्हणजे हरमंदिर साहिबशी उघड साम्य होते, आणि तिथे शीख दिसणाऱ्या माणसांना गोळ्या घालता येत होत्या. १९८४ च्या जूनमध्ये त्या परिसरात काय घडले हे ज्या समाजाला अठरा वर्षांनीही विसरता आले नव्हते, त्याच्यासमोर हे करमणूक म्हणून ठेवले गेले. शीख संघटनांनी तीव्र निषेध केला. प्रकाशक आयडॉस कंपनीला दखल घ्यावी लागली आणि संबंधित भाग काढून टाकलेली आवृत्ती नंतर निघाली.

निषेध रास्त होता. कलाकृतीच्या स्वातंत्र्याची ढाल इथे पुढे करता येत नाही, कारण त्या वास्तूला गेममध्ये काहीही म्हणायचे नव्हते. ती केवळ विलोभनीय पार्श्वभूमी होती. कोपनहेगनमधल्या कलाकारांना छायाचित्रात सुंदर घुमट दिसला आणि तो त्यांनी वापरला. म्हणजे २०१८ ने मुंबईच्या माणसांना पार्श्वभूमी केले तसे २००२ ने एका धर्माच्या काळजाला पार्श्वभूमी केले. दोन चुकांची जात एकच आहे, जागा निराळी.

पण संशोधकापुढे इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. ‘सायलेंट असॅसिन’ हा मजकूर म्हणायचा तर कोणता? निषेधापूर्वीच्या तबकडीवरचा की नंतरचा?

मराठी वाङ्मयात हा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हापासून आपण पाठभेदांशी झुंजत आलो आहोत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या कामाची शिस्त अशी की संपादकाला जो पाठ अस्सल वाटला नाही तोही फेकायचा नाही, तळटीपेत ठेवायचा. वगळलेले काय होते हे वाचकाला कळलेच पाहिजे.

व्हिडिओ गेमला अशी तळटीप नाही. नवी आवृत्ती जुनीवर बसते आणि जुनी नाहीशी होते. २०१८ च्या ‘हिटमॅन २’चे स्वतःचेही तेच झाले: जानेवारी २०२३ मध्ये तो आधीच्या आणि नंतरच्या भागांसह ‘वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ या एका नावात विरघळवला गेला. ज्या नावाने थोरल्याला झाकले ते नावही आता दुकानाच्या फळीवर वेगळे उरलेले नाही. जुन्या काळी तबकडी हीच पोथी होती. एकदा विकली गेली की प्रकाशकाला तिच्यातले अक्षरही बदलता येत नसे. लॅमिंग्टन रोडवर आणि फोर्टच्या फुटपाथवर मिळणाऱ्या नकली सीडींचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण ज्या पाठाला अधिकृत बाजाराने मागे घेतले तो अशाच तबकड्यांवर टिकून राहतो, हे कोणत्याही पाठसंशोधकाने नाकारू नये.

ज्या समाजाला त्या चित्राने दुखावले त्याच्यासमोर ते पुन्हा मांडावे असे मी म्हणत नाही. वगळलेला भाग विक्रीतून जाणे योग्यच होते. पण तो नोंदीतूनही गेला तर आक्षेप कशाला होता हेच उद्या कळणार नाही, आणि निषेध करणारे विनाकारण चिडलेले लोक ठरतील. दोषाची नोंद ठेवणे हे दुखावलेल्याच्याच बाजूचे काम आहे. आज हे काम कोणत्याही भारतीय ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या कक्षेत धरले जात नाही. ते व्यक्तीच्या कपाटात, खरवडलेल्या तबकड्यांवर आणि बंद पडत आलेल्या संगणकांवर चालले आहे.

६. बहुरूप्याचा हिशेब

वेषांतराच्या आपल्या परंपरेत हेराबरोबर बहुरूपीही आहे. तो पोलिसाच्या वेषात दारात येतो, खोटा दरारा दाखवतो, लग्नाचे आवतण देतो, आणि घरातली माणसे हसतात. त्याच्या वेषाने कोणी फसत नाही. फसल्याचे सोंग दोघे मिळून करतात. शेवटी तो बिदागी मागतो. म्हणजे वेषाचा हिशेब तिथल्या तिथे, उघडपणे पुरा होतो. मुख्य म्हणजे त्याने तो गणवेश कुणा पोलिसाला गाठून काढून घेतलेला नसतो.

४७ च्या वेषाचा हिशेब असा पुरा होत नाही. त्याचा प्रत्येक वेष कोणाच्या तरी अंगावरून ओढलेला आहे. या उधारीचे काय करायचे हा ‘हिटमॅन’ मालिकेपुढचा मूळ नैतिक प्रश्न होता, आणि मालिका जसजशी सफाईदार झाली तसतसा तिने तो प्रश्न सोडवण्याऐवजी पेटीत बंद केला. संशयाची पट्टी गेली आणि डोक्यावरचे ठिपके आले. जागा होणारा पोऱ्या गेला आणि कायमचा झोपलेला आचारी आला. एकेकटी माणसे गेली आणि गर्दीचे झुडूप आले.

म्हणून नव्या वाचकाला माझी शिफारस अशी: ‘सायलेंट असॅसिन’ आजही विकत मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. तो अवघड वाटेल, काही ठिकाणी अन्याय्य वाटेल. जपानच्या मोहिमांत कंटाळा आला तर पुढे जाण्याची घाई करू नका. सिसिलीतल्या पहिल्या बंगल्याकडे परत या आणि किराणावाल्या पोऱ्याचे कपडे घ्या, त्याला न मारता. मग ती पेटी उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे चालत जा. धावू नका. पहारेकरी तुमच्याकडे पाहील, आणि तुम्हाला त्याच वेळी मागे झुडपाआड पडलेल्या त्या पोऱ्याची आठवण राहील: तो कधी उठेल, किती वेळ उरला आहे. वेष उसना आहे ही जाणीव अंगावर ठेवून चालायला लावणारे गेम मी फार थोडे खेळलो आहे.